बाणाच्या टप्प्यातले रान

सोनईच्या शिवारात आज नजर पोचेल तिथवर ऊस दिसतो. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी, सहकारी साखर कारखाना आणि शिंगणापूरकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ ही या गावाची आताची ओळख. पण ती जेमतेम दोन पिढ्यांची आहे. त्याआधी नेवासे तालुक्याचा हा पट्टा पर्जन्यछायेतला कोरडवाहू मुलूख होता. काळ्या जमिनीत ज्वारी-बाजरी, तिच्या कडेने मुरमाड माळ, ओढ्यांच्या काठाने बाभळी-बोरी, उत्तरेला प्रवरा-गोदावरीची पात्रे आणि दक्षिणेला वांबोरी-डोंगरगणच्या बाजूने उठणारी गर्भगिरीची रांग. या भूभागात शिकारीवर पोट भरणाऱ्या माणसांचा इतिहास शेतीहून जुना आहे, आणि अलीकडच्या शतकांत त्यांच्यातल्या भिल्लांच्या हाती तीरकामठा होता. ही माणसे इतकी तरबेज कशी होत, असे विचारले की उत्तर तयार असते: लहानपणापासून नेम धरण्याचा सराव. हे उत्तर अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळे ही विद्या का लोपली याचा हिशेबही चुकतो. शिकारीच्या धनुर्विद्येत नेम हा सरावाचा शेवटचा आणि सगळ्यांत छोटा भाग होता. खरा सराव होता तो जनावर आणि माणूस यांच्यातले अंतर कमी करण्याचा. त्याला मैदान पुरत नसे, रान लागे. म्हणून ही विद्या केवळ कायद्याने हिसकावली गेली नाही, किंवा बंदूक आली म्हणून एकाएकी मागेही पडली नाही. ज्या जमिनीवर ती रोज गिरवली जाई ती जमीन पालटली, आणि तिच्याबरोबर विद्याही गेली.

पुराव्याच्या बाबतीत हा मुलूख भाग्यवान आहे. सोनईहून जवळ असलेल्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. प्रवरेच्या काठी अश्मयुगातल्या दगडी हत्यारांपासून मध्ययुगापर्यंतचे थर त्यांना मिळाले. मध्य पुराश्मयुगातल्या एका हत्यारपरंपरेला तर सांकलियांनी नेवाशाचेच नाव दिले. त्यानंतरच्या काळातली गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी पाती दख्खनभर सापडतात. अशी पाती लाकडाच्या किंवा वेताच्या काडीला बसवून त्यांचे बाण करत असावेत, हे भीमबेटकाच्या शैलचित्रांतल्या काटेरी टोकांच्या बाणांवरून दिसते. धनुष्य लाकडाचे किंवा बांबूचे, ते मातीत टिकत नाही. टिकते ते टोक. तरी आणखी एक धागा हाती लागतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात जोर्वे संस्कृतीच्या उत्तरकाळात, म्हणजे इसवी सनापूर्वी १००० ते ७०० च्या सुमारास, शेतीला उतरती कळा लागल्यावर वन्य प्राण्यांच्या शिकारीवरचा भर वाढलेला दिसतो. ज्या संस्कृतीचे नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून पडले, जिच्या वस्त्या नेवासे आणि दायमाबाद इथेही होत्या, तिच्यातले शेतकरी पाऊस रुसला की रानाकडे वळत होते. अवर्षण पडल्यावर नव्याने शिकायला बसावे अशी ही विद्या नाही. म्हणजे चांगल्या वर्षांतही ती कोणीतरी हातात राखलेली असणार. शिकारीचा सराव हा पोटाचा दुसरा आधार म्हणून पिढ्यान् पिढ्या चालू ठेवावा लागत होता, असा निष्कर्ष यातून निघतो.

हा सराव कशाचा होता हे समजायला बाणाचे गणित पाहावे. बांबूच्या साध्या धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग सेकंदाला ४५ मीटर धरू. तीस मीटरवरच्या जनावराला पोचायला त्याला पाऊण सेकंदाच्या जरा आत वेळ लागतो, आणि तेवढ्यात तो सरळ रेषेपासून सुमारे २.२ मीटर खाली येतो. अंतर तीस नसून पस्तीस मीटर असले तर हीच घसरण तीन मीटरच्या घरात जाते. नुसता पाच मीटरचा अंदाज चुकला की बाण पाऊण मीटर चुकला, म्हणजे हरणाच्या पोटाखालून गेला. आता हेच दहा मीटरवर करून पाहा. घसरण पाव मीटरची, आणि अंतराचा अंदाज दोन मीटरने चुकला तरी बाण हलतो तो वितीच्या आत. दुसरी गोष्ट आवाजाची. दोरीचा आवाज तीस मीटरवर सेकंदाच्या दहाव्या हिश्शात पोचतो, बाण त्यानंतर अर्ध्या सेकंदाने. सावध जनावराला उडी घ्यायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. आणि बाण लागला तरी तो गोळीसारखा धक्क्याने पाडत नाही, कापून रक्त वाहवतो. म्हणून नेमकी जागा साधावी लागते, मग थांबावे लागते आणि शेवटी रक्ताचा माग काढत जावे लागते. या तिन्ही गोष्टींतून एकच निष्पन्न होते. नेम कितीही पक्का असला तरी लांबून त्याचा उपयोग नाही, आणि जवळ पोचलेल्याला मध्यम नेमही पुरतो. वाऱ्याची दिशा ओळखणे, पालापाचोळ्यावर पाय न वाजवणे, जनावर मान खाली घालील तेव्हाच पुढे सरकणे, पाण्यावर ते कोणत्या वेळी आणि कोणत्या वाटेने येते हे ठाऊक असणे, हा खरा अभ्यासक्रम. त्यातला शेवटचा धडा तेवढा धनुष्याचा.

भिल्लांचे हत्यार याच अभ्यासक्रमाला साजेसे होते. कामठा बांबूचा, आणि पुष्कळ ठिकाणी त्याची दोरीही बांबूच्याच सालीची, चिरून गुळगुळीत केलेली पट्टी. तातीची दोरी पावसाळी हवेत सैलावते. बांबूची पट्टी तशी दगा देत नाही. तुटली तर दुसरी जवळच्या बेटातून निघते. कोयता हाती असलेल्या पोराला स्वतःपुरता कामठा करता येतो, आणि वय वाढेल तसा जाड बांबू घेऊन त्याची ओढ वाढवता येते. बाणही कामाप्रमाणे वेगळे. पाखरांसाठी बोथट टोकाचे, म्हणजे पाखरू लोळते आणि बाण झाडात रुतून वाया जात नाही; मोठ्या जनावरासाठी लोखंडी पात्याचे. माशांसाठीच्या बाणाचे वर्णन बिशप हेबर याने १८२४-२५ च्या आपल्या प्रवासवर्णनात करून ठेवले आहे. मासा टिपला की बाणाचे टोक काडीपासून निसटे, पण लांब दोरीने तिला बांधलेले राही. काडी पाण्यावर तरंगत राहून मासा कुठे पळतो हे दाखवी आणि ओढून ओढून त्याला दमवीही. हेबरने हे राजस्थान-गुजरातच्या बाजूच्या भिल्लांत पाहिले. नदीकाठच्या शिकारीची गरज मात्र सगळीकडे सारखीच. पाण्यातला मासा असतो त्याहून वर भासतो, म्हणून बाण दिसणाऱ्या माशाच्या खाली मारावा लागतो, आणि किती खाली हे पाण्याच्या खोलीवर आणि उभे राहण्याच्या जागेवर ठरते. हे कुणी तोंडी शिकवून येत नाही. पात्रात गुडघाभर पाण्यात उभे राहून शेकडो बाण वाया घालवले तरच हात बसतो. तिथे बाण गमावण्याची भीती कमी, मासा भित्रा असला तरी हरणाएवढा नाही, आणि चुकले तरी कोणाला इजा होत नाही. मूल प्रथम कुठे तयार होत असेल, याचे उत्तर हत्यारातच दडलेले आहे.

यावर सोनईच्या भूगोलाकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की उघड्या माळावर जवळ जायचे तरी कसे? हरकत रास्त आहे, आणि तिच्या उत्तराने मुद्दा पक्काच होतो. काळविटाचा कळप माळावर माणसाला फार दुरून पाहतो. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात आजही त्याचा प्रत्यय येतो. अशा जागी धनुष्य दुय्यम ठरते. म्हणूनच मैदानी शिकारीची सूत्रे फासेपारध्यांसारख्यांच्या हाती होती. त्यांचे साधन फास, आणि फासाजवळ जनावर आणण्याची युक्ती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मृगयेवर मोठे प्रकरण आहे. माणसाळवलेले हरीण पुढे करून रानातल्या हरणाला जवळ आणण्याची रीत त्यात सांगितलेली आहे. राजाच्या दिमतीला हवे तेवढे धनुर्धर असत, तरी ग्रंथाला जनावर जवळ आणण्याच्या युक्त्या सांगाव्या लागल्या. १२९० मध्ये नेवाशातच सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात डोंगराकडे निघालेल्या पारध्यांचा दृष्टान्त येतो. तिथेही भर आहे तो फासे, जाळी, कुत्री आणि ससाणे यांच्यावर. दृष्टान्त ऐकणाऱ्यांना ओळखीचा असावा लागतो, तेव्हा प्रवराकाठच्या श्रोत्यांना पारध याच सामानासह ठाऊक होती असे मानायला हरकत नाही. धनुष्याची जागा मग कोणती? जिथे आडोसा आहे तिथे: ओढ्याकाठची बाभूळबने, नदीचे पात्र, पाणवठ्याशेजारचा दबा, गर्भगिरीच्या उतारावरची झुडपे. मुलूख एक, पण त्याच्या प्रत्येक तुकड्याचे हत्यार निराळे. कोणत्या तुकड्यावर बाणाचा टप्पा मिळतो हे कळणे, हाही सरावाचाच भाग होता.

धनुष्याचा दुसरा एक सराव याच जिल्ह्यात शतकानुशतके चालला होता, आणि त्याच्याशी तुलना केली की शिकाऱ्याचा सराव अधिक स्पष्ट दिसतो. निजामशाहीने अहमदनगरला राजधानी वसवली, ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस. त्या काळातल्या दख्खनी फौजांत तिरंदाज होते, पण त्यांची कमान बांबूची नव्हे. ती लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू सरसाने जोडून घडवलेली. आकाराने आखूड, घोड्यावरून चालवता येणारी, ओढायला जबर, आणि ओल लागली की सरस सुटण्याचा धोका असलेली. ती अंगठ्यात कडी घालून ओढत. या तिरंदाजीचा सराव तुकड्यातुकड्यांनी करता येई. बळ कमावण्यासाठी दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले धनुष्य खेचत. आपली लेझीम ही त्या सरावाच्या धनुष्याचीच वंशज. इराणी व्यायामशाळांत तसे साखळीचे धनुष्य अजून वापरले जाते. आपल्याकडे ते तालमीत आले, मग मिरवणुकीत आणि शाळेच्या कवायतीत. लढाईतले धनुष्य गेले, कोणाला बाण मारायचा राहिला नाही, तरी त्याच्या सरावाचे साधन जगले, कारण तो सराव रणांगणापासून सोडवून घेता येत होता. शिकाऱ्याच्या सरावाचे असे एकही साधन मागे उरलेले नाही. वाऱ्याचा, पाचोळ्याचा आणि पाणवठ्याचा अभ्यास उचलून तालमीत नेता येत नाही. एका विद्येची खूण गणपतीच्या मिरवणुकीत आजही खणखणते आणि दुसरीची नाही, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

या दोन सरावांतला फरक महाभारताच्या रचनाकारांनाही ठाऊक होता. आदिपर्वात द्रोणाचार्य राजपुत्रांची परीक्षा घेतात ती झाडावर ठेवलेल्या कृत्रिम पक्ष्याची. लक्ष्य स्थिर, जागा ठरलेली, आणि अर्जुन जिंकतो तो पक्ष्याखेरीज सगळे जग नजरेआड केल्यामुळे. त्याच पर्वात रानात एकट्याने शिकलेला निषादपुत्र एकलव्य भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारून त्याचे भुंकणे बंद करतो. तिथे लक्ष्य हलते आहे आणि ते येणार हे आधी ठरलेले नाही. रानात भोवतालचे जग नजरेआड करून चालत नाही. बाजूची फांदी, वाऱ्याची झुळूक आणि मागून येणारा आवाज यांच्याकडेच लक्ष ठेवावे लागते. कथा हा इतिहासाचा पुरावा नव्हे, अशी हरकत इथे येईल. ती मान्य. कथेवरून कोणी कधी किती बाण मारले हे ठरत नाही; पण तिच्या ऐकणाऱ्यांना दोन तऱ्हांची धनुर्विद्या वेगवेगळी ओळखता येत होती, एवढे ठरते. अंगठ्याचेही तसेच. भिल्ल एकलव्याला आपला पूर्वज मानतात आणि बाण सोडताना अंगठा लावत नाहीत, तो त्याचा मान म्हणून, असे सांगितले जाते. श्रद्धेच्या जागी श्रद्धा राहो. पण बोटांनी दोरी ओढण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे आढळते आणि आजचे ऑलिंपिकचे धनुर्धरही अंगठा न लावताच बाण सोडतात. अंगठा गेला म्हणजे विद्या गेली असे गुरूला वाटले, ते दरबारी पद्धतीच्या हिशेबाने.

सर्वांत वजनदार आक्षेप बंदुकीचा. तिने धनुष्याला निकालात काढले, मग जमिनीचा प्रश्न कुठे येतो? लढाईपुरते हे खरे. अबुल हसनने १६१६ च्या सुमारास काढलेल्या प्रसिद्ध चित्रात जहांगीर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या छाटलेल्या मस्तकावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात मलिक अंबर १६२६ पर्यंत जगला आणि आपल्या मरणाने मेला. चित्रात धनुष्य असले तरी बादशहाच्या शिकारीत बंदूक केव्हाच आली होती. १६१७ पर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली आणि त्यांतली १७,१६७ आपण मारली, असा हिशेब त्याने आठवणींत नोंदवला आहे. पण बादशहाची शिकार आणि ओढ्याकाठच्या भिल्लाची शिकार यांचे अर्थकारण एक नाही. तोड्याच्या बंदुकीला दारू हवी, शिसे हवे, पेटता तोडा हवा; तिचा आवाज आणि धूर सगळे रान उठवतो. बांबू फुकटचा आणि मुका. म्हणून सरकारी फौजांतून धनुष्य नाहीसे झाल्यावरही भिल्लांच्या खांद्यावर ते पुढे कितीतरी काळ टिकले. १८५७ मध्ये नांदूर-शिंगोट्याच्या डोंगरात लेफ्टनंट हेन्रीला ठार करणाऱ्या भागोजी नाईकाच्या टोळीला बंदुका काही नव्या नव्हत्या. भागोजी स्वतः पूर्वी पोलिसांत होता. बंड करायला बंदूक आणि पोट भरायला कामठा अशी वाटणी या मुलखात शक्य होती. बंदुकीने मोठ्यांचे हत्यार बदलले असेल. मुलांचे शिक्षण तिने बदलले नाही, कारण पोराच्या हाती बंदूक देणे कोणाला परवडणारे नव्हते.

दुसरा आक्षेप राज्यसत्तेचा, आणि तो भावनेच्या दृष्टीने अधिक जवळचा वाटतो. भिल्लांवरचे अत्याचार काल्पनिक नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना याच जिल्ह्यातल्या कोपरगावी बोलावून घेतले आणि दगा करून विहिरींत लोटले. इंग्रजांनी १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, तिचा प्रमुख जेम्स आउट्रम. त्याने भिल्लांचा विश्वास मिळवला तो वाघांच्या शिकारीत त्यांच्या बरोबरीने उतरून. मग १८७८ चा शस्त्रकायदा आला. त्याच्या व्याख्येत तोफा, बंदुका, तलवारी यांच्या पंगतीत धनुष्यबाणही होता, आणि परवान्याशिवाय सशस्त्र फिरण्याला मनाई होती. त्याच वर्षीच्या वनकायद्याने राखीव जंगलात शिकार, मासेमारी आणि सापळे लावणे यांवर बंधने घातली. पुढे १९५१ चा मुंबईचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा, १९७२ चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याच्या शिकारीचाही शेवट. ही सगळी साखळी नाकारण्याचे कारण नाही. पण हेच कायदे नंदुरबारच्या सातपुड्यालाही लागू होते. तिथे अक्कलकुवा-अक्राणीच्या भागात होळीच्या मेळ्यात तीरकामठा आजही खांद्यावर मिरवतो, आणि सोनई-नेवाशाच्या बाजूला तो दिसत नाही. कायदा एक आणि परिणाम दोन, तेव्हा कारण कायद्यापलीकडे शोधले पाहिजे. सातपुड्यात भिल्ल बहुसंख्य आहेत, इथे विखुरलेले, असे कोणी म्हणेल. तेही खरे, पण ते तिथे बहुसंख्य राहिले तेही डोंगर शिल्लक होता म्हणूनच.

सत्तेच्या व्यवहारातच एक वेगळा पुरावा सापडतो. पेशवाईत आणि नंतरही गावची राखण भिल्ल, रामोशी, कोळी अशा जातीजमातींकडे असे. चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचे आणि तो माग पुढच्या गावाच्या हवाली करायचा, ही रीत होती. इंग्रज शिकारीही भिल्लांना हाकेकरी आणि मागकरी म्हणून बरोबर घेत. भिल्लाचे कोणते कौशल्य बाहेरच्या जगाने विकत घेतले? बाण मारण्याचे नव्हे. त्याच्या डोळ्यांचे आणि पावलांचे. ज्यांना त्याच्या विद्येची किंमत रोख मोजावी लागत होती, त्यांनी तिचा गाभा बरोबर ओळखला होता.

सोनईच्या परिसरात या विद्येचा पाया खऱ्या अर्थाने हलला तो पाण्याने. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढू लागला. १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला. पुढे राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळेवर २६ टीएमसीचे धरण झाले, त्याच्या कालव्याने नेवासे तालुका भिजवला आणि सोनईला कारखाना आला. गोदावरीवर जायकवाडीचा नाथसागर झाला तेव्हा नेवासे-शेवगावच्या काठाची गावे पाण्याखाली गेली. या बदलाने कोरडवाहू शेतकऱ्याला दुष्काळातून वर काढले, ही जमेची बाजू मोठी आहे आणि ती कोणी खोडून काढू नये. पण शिकाऱ्याच्या बाजूने पाहिले तर माळ नांगराखाली गेला, ओढ्याकाठची झुडपे तुटली, नदीचे उथळ पात्र एक तर कोरडे पडले किंवा धरणाच्या फुगवट्यात बुडाले. जिथे गुडघाभर पाण्यात उभे राहून पोराने माशावर बाण मारायचा, तिथे आता होडी आणि नायलॉनचे जाळे. ज्याचे बालपण शिकारीत गेले असते तो ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाऊ लागला, आणि त्या कामात दिवस सरतो. एखादी विद्या एका पिढीत संपायला बंदीची गरज नसते. शिकण्याच्या वयात तिच्या जागेशी आणि वेळेशी संबंध तुटला की पुरे. यावर कोणी उसातल्या बिबट्यांकडे आणि रानडुकरांकडे बोट दाखवील: रान गेले म्हणता, मग ही जनावरे कुठून आली? ती आली आहेत, पण माणसाच्या उंचीहून वर गेलेल्या सलग उसात ना बाणाला वाट मिळते, ना नजरेला. जनावर जवळ आले. ते आपण होऊन आणि आपल्या सोयीने. त्याच्याकडे जाण्याची विद्या त्यामुळे परत आली नाही.

शेवटचा आक्षेप आनंदाचा आहे: विद्या मेली कुठे, ती तर मैदानावर बहरली. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाऊंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. त्याआधी लिंबाराम हा राजस्थानातला आदिवासी तिरंदाज १९८८ पासून तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. लहानपणी बांबूच्या धनुष्याने रानात शिकार करणाऱ्या या मुलाला सरकारी निवड चाचणीत हेरले गेले होते. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण कंपाऊंडचे लक्ष्य ठरलेल्या ५० मीटरवर असते, रिकर्व्हचे ७० मीटरवर. शिकाऱ्याला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट, म्हणजे अंतर, इथे आधीच मोजून दिलेली असते. हा फरक बाहेरच्या एका उदाहरणाने पडताळून पाहता येतो. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा शेवटचा माणूस इशी १९१६ मध्ये वारला. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेल्या सॅक्सटन पोप या डॉक्टरने लिहून ठेवले आहे की दूरच्या निशाण्यावर इशीचे गुण सुमार असत; थोड्या अंतरावरच्या शिकारीत मात्र त्याचा हात सहसा चुकत नसे, आणि जनावराला साद घालून जवळ आणण्यात तो निष्णात होता. जिथे धनुष्याची शिकार आजही कायदेशीर आहे तिथले शिकारी सरावासाठी फोमची जनावरे न मोजलेल्या अंतरांवर मांडतात. रानातला तो धडा मैदानावर आणण्याची ही धडपड आहे, आणि गोल निशाण्यावर तो मिळत नाही याची कबुलीही. लिंबारामला रानातून शांत हात आणि तीक्ष्ण नजर मिळाली असेल. मैदानाकडून रानाला परत मात्र काही गेले नाही.

मग शिकारीचा गौरव करायचा का, असा प्रश्न राहतो. तो इथे गैरलागू आहे. रेहेकुरीची काळविटे आणि माळढोकाच्या अभयारण्यातले उरलेसुरले पक्षी यांच्या बाजूने उभे राहणारा माणूस शिकारबंदी उठावी असे म्हणणार नाही, आणि या लेखाचेही ते म्हणणे नाही. म्हणणे इतिहासलेखनाविषयी आहे. संग्रहालयात आपण कामठा टांगतो, शेजारी दोन बाण ठेवतो आणि आदिवासींची धनुर्विद्या दाखवली असे समजतो. तिथे दिसतो तो विद्येचा शेवटचा धडा. उरलेली विद्या ओढ्यांच्या जुन्या वाटांत, पाणवठ्यांच्या नावांत, पात्रातल्या उथळ जागांत आणि माग काढण्याच्या पद्धतीत होती. तिचा इतिहास लिहायचा तर शस्त्रांच्या यादीपेक्षा कालव्याखाली येण्याआधीचे गावनकाशे, गायरानांच्या नोंदी आणि भिल्लवस्त्यांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी जास्त कामाला येतील. बिबट्याच्या भीतीने रात्री उसाला पाणी देणारा सोनईचा शेतकरी आज ज्या ज्ञानाला पारखा झाला आहे, ते जनावराच्या चालीचे आणि वेळांचे ज्ञान याच मुलखातल्या माणसांपाशी होते. ते वनखात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेतून परत मिळवण्यापेक्षा ज्यांच्या घरात त्याचा शेवटचा अंश उरला असेल त्यांना विचारणे स्वस्त पडेल. त्या घरांकडे मजूर म्हणून न पाहता जाणकार म्हणून जावे लागेल, एवढीच त्याची अट.